पकड

"मीच पुसली हो ती पेटी. ओल्या फडक्यानं," विहीणबाई म्हणाल्या. फडकं अजून त्यांच्या हातातच होतं आणि कोरडं झालं तरी त्या ते पिळत होत्या. "काल दुपारी जळमटं काढत होते. म्हटलं, एवढी नवी पेटी, तिच्यावर धूळ कशाला? दोनच हात फिरवले."

"तुला किती वेळा सांगितलं होतं, आई?" जावई औषधांचं दुकान शेजाऱ्यावर सोपवून धावत आला होता. पायातल्या चपलाही तशाच होत्या. "सोलरच्या पेटीला हात लावायचा नाही. एवढी एकच गोष्ट सांगितली होती."

"अरे, वरूनच पुसली..."

"वरून काय नि खालून काय! फ्रिज गेला, टीव्ही गेला, तुझी ती अंडी उबवायची पेटी गेली. आता बस फडकं घेऊन!"

मास्तर दारातच थबकले होते. खांद्याला हत्यारांची पिशवी, कपाळावर घाम. जावयाचं लक्ष गेलं तसा त्यानं आवाज उतरवला. "या, बाबा. तुमच्या कामात खोट निघायची नाही, हे मला ठाऊक आहे. पण आमच्याच घरात माणसं अशी आहेत, त्याला काय करणार?"

मास्तरांनी तिथंच बोलायला हवं होतं. बंद पेटीवरून ओलं फडकं फिरवल्यानं असं काही होत नसतं, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते त्यांच्या जिभेवर आलंही होतं. पण ते बोललं की पाठोपाठ प्रश्न आलाच असता: मग कशानं झालं?

"बघू दे आधी," मास्तर म्हणाले.

विहीणबाईंनी मान खाली घातली आणि त्या मागच्या खोलीत निघून गेल्या.

खरं तर बघायचं काही उरलं नव्हतं. सकाळी लेकीचा फोन आला तेव्हाच मास्तरांना सगळं कळलं होतं. "बाबा, काहीतरी विचित्रच होतंय," ती घाबऱ्या आवाजात सांगत होती. "स्वयंपाकघरातला दिवा डोळे दिपतील इतका पेटला नि फुटला. पंखा विमानासारखा ओरडायला लागला. आणि पुढच्या खोलीतला दिवा बघावा तर मिणमिणता. मी मेन स्विच पाडलाय." एका खोलीत जास्त, दुसरीत कमी. चाळीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नव्हती. न्यूट्रल सुटली होती.

विहिरीच्या मोटारीसाठी त्या घरात पूर्वीपासून थ्री-फेज कनेक्शन होतं. तीन फेज आणि त्यांना सांभाळून धरणारी परतीची एकच वायर, ती न्यूट्रल. ती जागेवर आहे तोवर घरातल्या प्रत्येक खोलीला तिच्या वाटणीचं व्होल्टेज मिळतं. ती सैल झाली की तिन्ही फेजांमध्ये ओढाताण सुरू होते. कुणाच्या वाट्याला जवळजवळ दुप्पट, कुणाच्या वाट्याला निम्मंच. सोलर बसवताना ती न्यूट्रल नव्या पेटीतून फिरवून घेतली होती, आणि पेटीतला तिचा स्क्रू मास्तरांनी स्वतःच्या हातानं आवळला होता.

आवळला होता म्हणजे, तसं त्यांना वाटलं होतं. किंवा तसं वाटून घेतलं होतं.

धंद्यात त्यांना सगळे आवळेमास्तर म्हणत. ते काही त्यांचं आडनाव नव्हे. कामावरच्या माणसांमागे त्यांचा एकच धोशा असे, "आवळ. अजून आवळ. आता ओढून बघ." स्क्रू आवळला की वायर धरून ओढायची, हलली तर काम पुन्हा करायचं. छतावर पॅनेल बसवणं कुणालाही जमतं, ते म्हणत. घर जळतं ते सैल जोडामुळे. उतारवयात त्यांनी सोलरचं काम शिकून घेतलं तेही याच जोरावर. गिऱ्हाईक कौतुकानं पॅनेलकडे बघत राही आणि मास्तर खाली पेटीपाशी उकिडवे बसून एकेक वायर ओढून बघत.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मग अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसाचा उंचवटा बसत गेला आणि तिथं खळगा पडला. डॉक्टर म्हणाले, मनगटातली नस दबली आहे, आधी यायला हवं होतं. ऑपरेशन करू, पण गेलेली ताकद सगळी परत येईल असं नाही. हत्यारांची कामं आता दुसऱ्यावर सोपवा. मास्तरांनी हे कुणालाही सांगितलं नाही. बायको असती तर तिनं शर्टाची बटणं लावतानाच ओळखलं असतं. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि एकट्या माणसानं बटणं कशी लावली हे बघायला घरात कुणी नव्हतं. ते डाव्या हातानं चहा ढवळायला शिकले, हत्यारांना जाड रबरी मुठी बसवल्या आणि काम चालू ठेवलं.

लेकीच्या घरचं काम निघालं तेव्हा त्यांनी आपल्या जुन्या कारागिरालाही येऊ दिलं नाही. "हे माझ्या लेकीचं घर आहे. इथं माझाच हात लागला पाहिजे," असं ते मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते. व्होल्टेज चढलं की आपोआप पुरवठा तोडणारा रिले त्या दिवशी दुकानात मिळाला नाही, तर जावयाला म्हणाले, "येईल तेव्हा बसवू. माझ्या हातचं काम आहे, तुम्हाला कसली काळजी?" शेवटचा जोड न्यूट्रलचा होता. वायर जाड, स्क्रू मोठा. मूठ घसरली. त्यांनी दोन्ही हात लावले, दात आवळले, आणखी थोडा फिरवला. मग वायर ओढून बघायची वेळ आली, तेव्हा ते क्षणभर थांबले आणि त्यांनी झाकण लावून टाकलं.

ओढली असती तर ती हातात आली असती, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच ओढली नाही.

आता ते जिन्याजवळच्या त्याच पेटीसमोर बसले होते. लेकीला आणि जावयाला त्यांनी "जरा बाजूला व्हा, मला नीट बघू दे" म्हणून पुढच्या खोलीत पाठवलं होतं. मेन बंद असल्याची टेस्टर लावून खात्री केली आणि झाकण उघडलं. जळक्या प्लास्टिकचा वास आला. न्यूट्रलचा जोड काळाठिक्कर पडला होता. वायर बोटानं हलवली तर सैल दातासारखी डुलली.

पिशवीत जोडाचा नवा कनेक्टर होता. तो काढून बसवायचा, वायरचं जळलेलं टोक छाटायचं, नीट आवळायचं. कुणी विचारलं तर 'ओलावा शिरला असावा' एवढंच म्हणायचं. असावा! खोटंसुद्धा नाही म्हणता येणार. मास्तरांनी ते वाक्य मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं आणि त्यांची त्यांनाच शिसारी आली. तरी हात कामाला लागले होते.

कनेक्टर बसला. टोक छाटलं गेलं. वायर आत सरकवून त्यांनी स्क्रू फिरवायला घेतला. थोडा फिरला आणि मूठ सुटली. पुन्हा धरला, पुन्हा सुटली. डाव्या हातानं करून पाहिलं. त्या हाताला ती सवयच नव्हती. मग उजव्या हातावर डावा हात ठेवून, खांदा भिंतीला टेकवून जोर लावला. झालं, असं वाटलं. या वेळी त्यांनी वायर ओढली. ती अलगद बाहेर आली.

मागच्या खोलीतून विहीणबाईंचा आवाज येत होता. त्या स्वतःशीच बोलत होत्या की कुणाशी, कळत नव्हतं. "म्हातारपणी कशालाच हात लावू नये. आपल्याला कळत नाही ना, मग बसावं गप."

मास्तरांनी पुन्हा वायर आत घातली. पेचकस हातातून निसटला आणि फरशीवर खणकन वाजला.

"बाबा?" लेक दारात येऊन उभी होती. किती वेळ झाला कुणास ठाऊक. "काय होतंय?"

"काही नाही. घाम आलाय हाताला."

ती जवळ येऊन बसली. पेचकस उचलून त्यांना दिला नाही. "हात दाखवा."

"अगं, घाम..."

"दाखवा म्हणते ना."

लहानपणी तिच्या पायात काटा मोडला की ते याच आवाजात बोलत. त्यांनी हात पुढे केला. तिनं तो उलटा करून पाहिला. अंगठ्याच्या खालच्या खळग्यावरून बोट फिरवलं. मग तिची नजर पेटीकडे गेली, काळ्या पडलेल्या जुन्या जोडाकडे गेली आणि परत हाताकडे आली. मास्तरांना तिच्याकडे बघवेना. ते जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिले.

"केव्हापासून?"

"झाले काही महिने."

"आणि तुम्ही कुणापाशी बोलला नाहीत."

"काय बोलायचं? आवळेमास्तरांना आवळता येत नाही म्हणून?"

वायर आत घालून तिनं पेचकस धरला आणि आवळायला लागली. आवळताना तिच्या कपाळावर तीच आडवी आठी पडली, जी आरशात मास्तरांच्या कपाळावर पडे. मग तिनं वायर धरून ओढली. वायर हलली नाही. हे तिला त्यांनी कधी मुद्दाम शिकवलं नव्हतं.

"ऐका," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मी यांना काही सांगणार नाही. आईंनी पुसली होतीच पेटी. ओलाव्यानं झालं म्हणू. दोन दिवस बोलतील आणि विसरतील सगळे. तुमचं नाव कशाला खराब करायचं?"

सकाळपासून मास्तरांना जे हवं होतं ते असं आयतं समोर आलं होतं. आणि आपलंच मन दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते किती हलकं आहे हे त्यांना कळलं. आपली लेक आपल्यापायी खोटं बोलायला तयार झाली होती. तेही एका म्हाताऱ्या बाईच्या माथी मारून, जिच्याबरोबर तिला आयुष्य काढायचं होतं.

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "जावईबापूंना बोलाव मागच्या खोलीत."

मागच्या खोलीत अंडी उबवायची पेटी होती. विहीणबाई तीत पिल्लं काढत आणि आसपासच्या घरांना विकत. पैशापेक्षा त्यांना त्याचा छंदच जास्त होता. कुठलं अंडं कुठल्या कोंबडीचं, हे त्या नुसतं बघून सांगत. या खेपेची अंडी फुटायला आली होती. सकाळी पेटीची तार लालबुंद तापली आणि आतली अंडी भाजत राहिली, मेन पाडेपर्यंत. आता त्या जमिनीवर फतकल मारून बसल्या होत्या आणि एकेक अंडं कानाशी नेत होत्या.

"विहीणबाई," मास्तर उभ्यानंच म्हणाले. बसायचं धाडस झालं नाही. "तुमच्या फडक्यानं काही झालेलं नाही. स्क्रू मी सैल सोडला होता. माझ्या हातात जोर राहिलेला नाही. तेव्हाच कळलं होतं मला, पण मी तसंच झाकण लावलं."

जावई दारात होता.

विहीणबाईंनी हातातलं अंडं हळूच खाली ठेवलं. "म्हणजे मी नाही केलं?"

"नाही."

"पुसल्यानं नाही झालं?"

"नाही हो. तुमचा काही संबंधच नाही."

त्यांचा चेहरा सैलावला. डोळे भरून आले, ते त्यांनी पदरानं टिपले. मास्तरांना वाटलं, झालं, सुटलो. तेवढ्यात त्यांनी वर पाहिलं.

"तुम्हाला आल्या आल्या ठाऊक होतं?"

"...होतं."

"मग हा मला माझ्या सुनेदेखत बोलत होता, तेव्हा तुम्ही दारातच उभे होता की!"

मास्तर अंड्यांकडे बघत राहिले. अंड्यांखालच्या भुश्यात काहीतरी खुडबुडल्यासारखं वाटलं. लेकीनं मान वळवली. ओलाव्याचं तिचं ते वाक्य तिलाही आठवलं असणार.

"आई, जाऊ दे आता," जावई पुटपुटला. "बाबांनी स्वतः सांगितलं ना."

"तू गप्प बस," विहीणबाई म्हणाल्या. "तुझं तर मी नंतर बघते." आणि त्यांनी पुढचं अंडं उचलून कानाशी धरलं.

मास्तरांनी उरलेलं काम पुरं करून घेतलं. लेक एकेक जोड आवळत होती, ओढून बघत होती. ते शेजारी बसून फक्त "हं, आता हा" एवढंच म्हणत होते. दुकानातून रिले मागवून तोही बसवला. मेन चालू केल्यावर त्यांनी तिन्ही फेजांचं व्होल्टेज मोजून पाहिलं. तिन्हीकडे सारखं होतं. फ्रिज आणि टीव्ही मी भरून देतो, असं ते म्हणाले तेव्हा जावयानं कानांना हात लावला, पण मास्तरांनी तो विषय तिथंच संपवला. निघताना विहीणबाईंना सांगायला मागच्या खोलीकडे गेले, तर दार ओढून घेतलेलं होतं. ते बाहेरूनच "येतो" म्हणाले.

घरी न जाता ते थेट आपल्या जुन्या कारागिराकडे गेले. त्याला सगळे लांब्या म्हणत. उंचीनं तो बेताचाच होता. शिडीच्या शेवटच्या पायरीवर चढल्याखेरीज त्याचा हात कुठं पुरत नसे, म्हणून कुणीतरी गमतीनं ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. पंधरा-वीस वर्षं तो मास्तरांच्या हाताखाली होता. संध्याकाळची वेळ होती. लांब्या अंगणात सायकलला तेल घालत बसला होता.

"मास्तर? फोन करायचा, मी आलो असतो."

वाटेत मास्तरांनी बोलायचं सगळं मनात मांडून ठेवलं होतं, पण लांब्यासमोर ते नीट क्रमानं निघेना. हात, डॉक्टर, लेकीचं घर, फडकं, अंडी, सगळं एकात एक मिसळून ते बोलून गेले. शेवटी म्हणाले, "पावसाळ्यानंतर जेवढी घरं केली, त्या सगळ्यांकडे जायला हवं. उद्यापासून. प्रत्येकाकडे मी काय सोडलं असेल, देव जाणे. लोकांची घरं आहेत ती, लांब्या. आज अंड्यांवर निभावलं."

लांब्यानं तेलाची बाटली खाली ठेवली. हात फडक्याला पुसत राहिला. बराच वेळ पुसत राहिला.

"मास्तर, रागावणार नसाल तर सांगतो."

"सांग."

"कुठं जायची गरज नाही. ती घरं मी बघितली आहेत."

"केव्हा?"

"त्याच वेळी. तुम्ही आवळून उठलात की मागून मी पुन्हा फिरवायचो. ओढून बघायचो, मगच झाकण लावायचो." तो जमिनीकडे बघत बोलत होता, जणू चोरी त्यानंच केली होती. "दवाखान्याच्या त्या मोठ्या कामावर तुमच्या हातून दोनदा पाना पडला होता ना, तेव्हापासून. फक्त ताईंच्या घरी मी नव्हतो. तुम्ही नको म्हणालात."

मास्तर अंगणातल्या दगडावर बसले.

त्यांना एकदम दिसायला लागलं. कितीतरी कामांवर ते पिशवी आवरून गेटपाशी उभे राहत आणि लांब्या आत पेटीशी रेंगाळत असे. आणि ते ओरडत, "अरे, झोपलास का तिथं? तुझ्यामुळे रोज उशीर!" एकदा तर गिऱ्हाइकासमोरच म्हणाले होते, "याला एक काम धड वेळेत होत नाही. माझ्याजागी दुसरा असता तर त्यानं याला केव्हाच हाकललं असतं." गिऱ्हाईक हसलं होतं. लांब्याही हसला होता आणि "आलो, मास्तर" म्हणून शिडी खांद्यावर टाकून निघाला होता.

"तू काही बोलला का नाहीस?"

"कसं बोलायचं?" लांब्या म्हणाला. "मला आवळायला कुणी शिकवलं?"

आतून लांब्याच्या बायकोनं चहा होतोय म्हणून हाक दिली. मास्तर मान खाली घालून बसले होते. दुपारी विहीणबाईंनी डोळ्याला डोळा भिडवून विचारलं होतं. ते झोंबलं, पण सोसता आलं. हे सोसेना. रागावलेल्या माणसापुढे उभं राहता येतं, पण ज्यानं महिनोन्महिने आपली लाज राखली आणि वर आपल्याच शिव्या खाल्ल्या, त्याच्यापुढे कसं बसायचं, हे त्यांना कळेना. लांब्यानं चहा आणून ठेवला तेव्हा त्यांना "अरे, मी तुला..." एवढंच म्हणता आलं.

"गार होईल," लांब्या म्हणाला.

दोन दिवसांनी लेकीचा फोन आला. काही अंड्यांमधून पिल्लं बाहेर आली होती. सगळी नाहीत, थोडीच.

"विहीणबाई बोलतील का माझ्याशी?" मास्तरांनी विचारलं.

पलीकडून पिल्लांची चिवचिव ऐकू आली. मग लेक म्हणाली, "त्या पिल्लांपाशी आहेत, बाबा. मी सांगते त्यांना."

"सांग," मास्तर म्हणाले. "घाई नाही म्हणावं."

पुढच्या आठवड्यात नवं काम होतं. दुमजली घर, छतावर भरपूर ऊन, गेटपाशी मालक स्वागताला उभा. मास्तर आणि लांब्या शिडी दोन टोकांना धरून आत आले. मालक उत्साहात होता. कुणीतरी त्याला नाव सांगितलेलं दिसत होतं.

"तुमच्यापैकी मास्तर कोण?" त्यानं विचारलं.

लांब्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी शिडीचं आपलं टोक भिंतीला टेकवलं आणि ते एक पाऊल मागे सरले.

"हे," त्यांनी लांब्याकडे हात केला. "काय विचारायचं ते यांना विचारा. मी सोबत आलोय."

मालकानं लांब्याचा हात हातात घेतला आणि त्याला पेटीची जागा दाखवायला आत नेलं. जाता जाता लांब्यानं एकदा वळून पाहिलं. मास्तर तोवर अंगणात उकिडवे बसून वायरचं वेटोळं सोडायला लागले होते.